घरात अडकल्यावर राहिलेली कामं खरंच पूर्ण होतात का? गॅलिलिओ, टिळक आणि लॉकडाऊन काय सांगतात

मोडी लिपी शिकायची आहे. माळ्यावरची पेटी खाली काढून सूर लावायचे आहेत. आजीच्या हातच्या पदार्थांची वही लिहायची आहे. लग्नाच्या अल्बममधले फोटो स्कॅन करायचे आहेत. अर्धवट विणलेला स्वेटर पूर्ण करायचा आहे. जवळपास प्रत्येक घरात अशी एक यादी असते आणि तिच्याखाली एकच शेरा असतो: ‘जरा निवांत वेळ मिळाला की करू.’

२०२० मध्ये असा वेळ कोट्यवधी लोकांना एकाच वेळी मिळाला. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून देशभर लॉकडाऊन लागू झाला. आधी तो २१ दिवसांचा होता. मग ३ मेपर्यंत, नंतर १७ मेपर्यंत आणि शेवटी ३१ मेपर्यंत वाढला. एकूण ६८ दिवस. सुरुवातीला सोशल मीडियावर डाल्गोना कॉफी, घरचे केक आणि ‘या काळात मी काय शिकलो’ अशा पोस्टचा पूर आला. पण अनेकांची यादी ६८ दिवसांनंतरही होती तिथेच राहिली. वर ‘एवढा वेळ मिळूनही काही केलं नाही’ ही खंत आली ती वेगळीच.

लॉकडाऊन संपला, पण घरात अडकण्याचे प्रसंग संपलेले नाहीत. पायाला प्लास्टर, बाळंतपण, दीर्घ आजारपण, नोकरी गेल्यानंतरचे महिने, निवृत्तीनंतरचा काळ अशा अनेक निमित्ताने माणूस घरात थांबतो आणि जुनी यादी पुन्हा समोर येते. म्हणूनच घरात मिळालेल्या वेळात रखडलेलं काम कधी पूर्ण होतं, कधी होत नाही आणि का, हे समजून घेणं उपयोगाचं आहे.

न्यूटनचं उदाहरण का दिलं जातं?

लॉकडाऊन सुरू होताच एक गोष्ट जगभर फिरली. १६६५ मध्ये इंग्लंडमध्ये प्लेगची साथ आली, केंब्रिज विद्यापीठ बंद झालं, तरुण आयझॅक न्यूटन वूल्सथॉर्प या आपल्या गावी गेला आणि तिथे त्याने कॅल्क्युलस, प्रकाश आणि गुरुत्वाकर्षण यांवर पायाभूत काम केलं. या गोष्टीचं तात्पर्य ठरलेलं असायचं: न्यूटनने एवढं केलं, मग तुम्ही का नाही?

यातला मुख्य भाग खरा आहे. १६६५ ते १६६७ या काळातला बराचसा वेळ न्यूटन गावी होता आणि त्याने तिथे विलक्षण काम केलं. पण या गोष्टीतून दोन मुद्दे गळतात. पहिला म्हणजे, हे काम गावी गेल्यावर अचानक सुरू झालं नव्हतं. गणित आणि निसर्गविज्ञानातल्या प्रश्नांची टिपणं त्याने केंब्रिजमध्येच, साथ येण्याआधी सुरू केली होती. दुसरा म्हणजे, काम गावी पूर्णही झालं नाही. गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडणारा ‘प्रिन्सिपिया’ हा ग्रंथ १६८७ मध्ये, म्हणजे साथीनंतर तब्बल वीस वर्षांनी प्रसिद्ध झाला.

थोडक्यात, चालू असलेल्या कामाला साथीच्या काळात सलग वेळ मिळाला. शून्यातून सुरुवात करणाऱ्या माणसाची ही गोष्ट नाही.

नजरकैदेत पूर्ण झालेलं पुस्तक

घरात कोंडलं गेल्यावर रखडलेलं काम हाती घेण्याचं आणखी नेमकं उदाहरण गॅलिलिओचं आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते या मताचा पुरस्कार केल्याबद्दल जून १६३३ मध्ये रोमच्या धर्मन्यायालयाने त्याला शिक्षा सुनावली. तेव्हा तो ६९ वर्षांचा होता. तुरुंगवासाचं रूपांतर नजरकैदेत झालं. काही महिने तो सिएना इथे तिथल्या आर्चबिशपकडे राहिला आणि वर्षअखेरीस फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्री इथल्या आपल्या घरी आला. १६४२ मध्ये मृत्यू होईपर्यंत तो नजरकैदेतच होता.

या काळात त्याने आयुष्यातलं सर्वांत महत्त्वाचं मानलं जाणारं पुस्तक पूर्ण केलं. ‘दोन नवी शास्त्रं’ या अर्थाच्या नावाने ओळखलं जाणारं हे पुस्तक पदार्थांची मजबुती आणि वस्तूंची गती या दोन विषयांवर आहे. वरून सोडलेली वस्तू कशी पडते, फेकलेल्या वस्तूचा मार्ग कसा वळतो, हे त्यात गणिताने मांडलं आहे.

यातलं गतीबद्दलचं काम बरंच जुनं होतं. १५९२ ते १६१० या काळात गॅलिलिओ पादुआ इथे शिकवत होता. उतरत्या फळीवरून गोळे सोडून गती मोजण्याचे प्रयोग त्याने तिथेच केले होते. पण १६०९ मध्ये दुर्बीण हाती आली, १६१० मध्ये गुरूचे चंद्र दिसले आणि पुढची वीस-बावीस वर्षं आकाश, दरबार आणि वादविवाद यांत गेली. गतीवरचं पुस्तक मागे पडत राहिलं. खगोलशास्त्राची वाट बंद झाल्यावर त्याने जुनी टिपणं पुन्हा हाती घेतली.

हेही काही सुरळीत झालं नाही. एप्रिल १६३४ मध्ये त्याची लाडकी मुलगी मारिया चेलेस्ते वारली आणि तो पार खचला. दृष्टी कमी होत गेली. त्याची पुस्तकं छापण्यावर बंदी असल्याने हस्तलिखित इटलीबाहेर पाठवावं लागलं. १६३८ मध्ये हॉलंडमधल्या लायडन इथे पुस्तक छापून झालं, तोवर लेखक पूर्ण आंधळा झाला होता.

मंडालेतले पाच महिने

मराठी वाचकांना याच प्रकारचं जवळचं उदाहरण म्हणजे लोकमान्य टिळकांचं ‘गीतारहस्य’. ते तुरुंगात लिहिलं गेलं, घरात नाही. पण कामाची रीत तीच दिसते.

जुलै १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना ब्रह्मदेशातल्या मंडाले इथल्या तुरुंगात ठेवण्यात आलं. तिथे १९१०-११ च्या हिवाळ्यात, सुमारे पाच महिन्यांत, त्यांनी ‘गीतारहस्य’चा खर्डा पेन्सिलीने लिहून काढला. जून १९१४ मध्ये सुटका झाली आणि १९१५ मध्ये पुस्तक प्रसिद्ध झालं.

पाच महिन्यांत एवढा ग्रंथ, असं म्हटलं की चमत्कार वाटतो. पण टिळकांनी प्रस्तावनेत या विषयाची सुरुवात १८७२ सालापर्यंत मागे नेली आहे. वडील शेवटच्या आजारात असताना गीतेवरची प्राकृत टीका त्यांना वाचून दाखवायचं काम सोळा वर्षांच्या टिळकांकडे आलं होतं. तिथून सुरू झालेला विचार जवळपास चाळीस वर्षं चालू राहिला. या विषयावर त्यांनी आधी जाहीर व्याख्यानंही दिली होती. ‘केसरी’, काँग्रेस आणि खटले यांच्या धबडग्यात लिहायला सलग वेळ मिळत नव्हता, तो मंडालेत मिळाला.

साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली, तिचीही गोष्ट अशीच आहे. लिहायला पाच दिवस लागले, पण त्यातल्या आठवणी बालपणापासून मनात होत्या.

मग या कथांमध्ये काय सांगितलं जात नाही?

या सगळ्यांना फक्त वेळ मिळाला असं नाही. त्या वेळातली रोजची कामं दुसरं कुणीतरी करत होतं.

मंडालेत टिळकांच्या स्वयंपाकासाठी दुसरा एक कैदी नेमलेला होता. वूल्सथॉर्पला शेतीवाडी आणि घर न्यूटनच्या आईच्या हातात होतं. शेतीत मुलाचं लक्ष लागत नाही, हे घरच्यांनी पूर्वीच ओळखलेलं होतं. गॅलिलिओची मुलगी मारिया चेलेस्ते घराजवळच्या मठात जोगीण होती. वडील रोम आणि सिएनात अडकले होते तेव्हा बाग, वाइनची पिंपं, नोकर, हिशेब अशा सगळ्या गोष्टींवर ती मठातून लक्ष ठेवत होती. तिची १२४ पत्रं आज उपलब्ध आहेत आणि त्यांत हा सगळा संसार दिसतो.

आता हेच २०२० मधल्या घरात बघूया. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली होती. घरातली विनामोबदला कामं करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या, तर अशी कामं करणारे पुरुष ९७ मिनिटं. म्हणजे एकीकडे जवळपास पाच तास, दुसरीकडे दीड तासाच्या आसपास. हे आकडे लॉकडाऊनच्या आधीचे आहेत. लॉकडाऊनमध्ये धुणी-भांडी करणाऱ्या मावशी येणं बंद झालं, शाळा मोबाइलवर आली, सगळी माणसं तिन्ही त्रिकाळ घरी जेवू लागली आणि ऑफिसचं काम जेवणाच्या टेबलावर आलं. अनेक घरांत बाईच्या वाट्याला मोकळा वेळ आलाच नाही, उलट होता तोही गेला.

त्यामुळे ‘सगळ्यांना सारखाच वेळ मिळाला होता’ हे वाक्य मुळात चुकीचं आहे. घरात बसलेल्या दोन माणसांपैकी एकाची पेटी माळ्यावरून खाली येते आणि दुसऱ्याची येत नाही, यामागे आळसच असेल असं नाही. चहा कोण करतंय, यावरही ते ठरतं.

दुसरी गोष्ट मनाच्या अवस्थेची. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार कोरोनाच्या पहिल्या वर्षात जगभरात चिंता आणि नैराश्याचं प्रमाण २५ टक्क्यांनी वाढलं. नोकरीची धास्ती, घरात आजारी माणूस आणि सतत येणाऱ्या बातम्या असताना एकाग्रता लागत नाही. घरात अडकण्याचं कारण जितकं भीतीचं, तितकी हाती येणाऱ्या वेळाची प्रत कमी.

वेळ असूनही काम का होत नाही?

सगळं सुरळीत असलं तरीही कामं रखडतात. मानसशास्त्रात याची काही कारणं अभ्यासली गेली आहेत.

पहिलं कारण आपल्या अंदाजाचं. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये ‘प्लॅनिंग फॅलसी’ ही कल्पना मांडली. आपलं काम किती दिवसांत होईल याचा अंदाज माणूस नेहमी कमीच धरतो, आधीचे अनुभव उलटे असले तरीही. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रॉजर ब्युलर आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध कधी पूर्ण होईल असं विचारलं. सरासरी उत्तर साधारण ३४ दिवस आलं. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवस लागले.

दुसरं कारण मोकळ्या वेळाचं. सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये ‘द इकॉनॉमिस्ट’मधल्या एका खुसखुशीत लेखात एक नियम सांगितला होता: जेवढा वेळ हाताशी, तेवढं काम पसरतं. पुढे कुठलीच मर्यादा नसली की ‘उद्या करू’ म्हणायला काहीच अडचण येत नाही. लॉकडाऊनमध्ये तर शेवटची तारीखच सारखी पुढे जात होती.

तिसरं कारण यादीचं. ‘मोडी शिकायची’ हे काम नाही, ती इच्छा आहे. त्यात पहिलं पाऊल कोणतं, ते दिसत नाही. अशा नोंदी वर्षानुवर्षं यादीत राहतात आणि मनाला टोचत राहतात. ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये बर्लिनमधल्या प्रयोगांतून असं मांडलं होतं की अर्धवट राहिलेली कामं पूर्ण झालेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात. नंतरच्या सगळ्या प्रयोगांत हा निष्कर्ष तितका ठामपणे मिळाला नाही. पण २०११ मध्ये मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांच्या अभ्यासात एक उपयोगी गोष्ट दिसली: अर्धवट कामासाठी नेमकी योजना लिहून काढली, तर काम पूर्ण न होताही त्याची डोक्यातली भुणभुण कमी होते.

मग काय केलं तर काम पुढे सरकतं?

आधी ‘न थांबणारी’ कामं. यादीतली सगळी कामं सारखी नसतात. पेटी पाच वर्षांनीही शिकता येते. पण ८५ वर्षांच्या आजीची आठवण रेकॉर्ड करायची असेल, तर ते काम थांबत नाही. जुन्या फोटोतली माणसं ओळखणारी घरात एकच व्यक्ती उरली असेल, तर स्कॅनिंगच्या आधी नावं लिहून घेणं गरजेचं. यादी आवडीनुसार न लावता, कोणतं काम पुढे कधीच करता येणार नाही यानुसार लावली तर क्रम बदलतो.

इच्छेचं पावलात रूपांतर. पीटर गोल्विट्झर यांच्या संशोधनानुसार ‘अमुक वेळ झाली की अमुक करायचं’ असं आधीच ठरवलेलं असलं तर काम होण्याची शक्यता वाढते. ‘आजीच्या आठवणी जमवायच्या’ याऐवजी ‘दुपारचा चहा झाला की आजीसमोर फोन ठेवून २० मिनिटं रेकॉर्डिंग करायचं, आज विषय माहेरचं घर’ असं ठरवता येतं. ‘तुझं आयुष्य सांग’ असं म्हटलं की माणूस गप्प होतो. ‘विहीर घरापासून किती लांब होती?’, ‘लग्नात जेवायला काय होतं?’ असं विचारलं की बोलतो.

छोटा, पूर्ण होणारा तुकडा. सगळे अल्बम स्कॅन करण्याऐवजी एक अल्बम. साधारण आकाराच्या फोटोला ३०० डीपीआय पुरतं, छोट्या फोटोंना ६०० ठेवावं. फोटोच्या मागे नाव लिहायचं तर मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, कारण बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई पसरू शकते. स्कॅन केलेल्या फाइल एकाच फोनमध्ये न ठेवता निदान दोन ठिकाणी ठेवाव्यात.

अंदाज दीडपट. आपल्याला वाटेल त्यापेक्षा दीडपट वेळ धरलेला बरा. वरच्या अभ्यासातल्या विद्यार्थ्यांना साधारण तेवढाच जास्त वेळ लागला होता.

एखादा दिवस चुकला तर चालतं. सवय २१ दिवसांत लागते, असं सोशल मीडियावर सांगितलं जातं. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या, २०१० मध्ये छापून आलेल्या अभ्यासात साध्या रोजच्या सवयींना १८ ते २५४ दिवस लागण्याचा अंदाज निघाला. मधला आकडा होता ६६. म्हणजे जेवणाबरोबर पाणी पिण्यासारखी सवयसुद्धा अंगवळणी पडायला अनेकांना जवळजवळ अख्खा लॉकडाऊन लागला असता. याच अभ्यासात एखादा दिवस खाडा झाल्याने फारसा फरक पडत नाही, असंही दिसलं.

घरातली कामं आधी वाटून घेणं. एकाच्या छंदाचा तास दुसऱ्याच्या ओट्यावरच्या तासातून येत असेल, तर तो छंद फार दिवस टिकत नाही, आणि टिकला तर घरात धुसफूस होते. कोणाचा तास कधी आणि त्या तासात कुकर, मुलं, दारावरची बेल कोण बघणार, हे बोलून ठरवलं तर यादी एकाचीच राहत नाही.

आणि काही कामं सोडून दिली तर?

सोडून देणं हाही एक पर्याय आहे. कार्स्टन व्रॉश आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडलेल्या संशोधनानुसार, जी उद्दिष्टं आता गाठता येण्यासारखी नाहीत ती सोडून नव्या उद्दिष्टाकडे वळू शकणारी माणसं जास्त समाधानी आढळली. विशीत ठरवलेली गिटार चाळिशीतही पिशवीतच असेल, तर ती शिकणाऱ्या एखाद्या मुलाला देऊन टाकणं म्हणजे हार नव्हे. यादीतली एक ओळ कमी होते आणि गिटार वाजते.

लॉकडाऊनमध्ये काहीच पूर्ण झालं नाही म्हणून आजही स्वतःला बोल लावणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही की गॅलिलिओकडे जुनी टिपणं होती, टिळकांकडे चाळीस वर्षांचा विचार होता आणि त्यांच्या जेवणाची काळजी दुसऱ्या कुणाला तरी होती. ज्या घरात हे काही नव्हतं, तिथे आजारी माणसाची शुश्रूषा झाली, मुलांची शाळा बुडली नाही आणि चूल पेटती राहिली, हेही कामच होतं. पुढच्या वेळी घरात थांबावं लागलं, तर यादी काढताना आधी आजीला हाक मारावी. पेटीला घाई नाही.